लॅब्राडॉरचा रंग आणि ‘शुद्ध’ हा शब्द

(ऑनलाइन व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. “सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. कुत्र्यांच्या रंगावर तुम्ही काय बोलणार?” प्रश्न रास्त आहे. मी पशुवैद्य नाही, आनुवंशिकीचा अभ्यासकही नाही. आयुष्यभर तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवली, एवढंच. पण समीक्षा करायला समोर मजकूर लागतो आणि तो आज माझ्यासमोर आहे. लॅब्राडॉर रिट्रीव्हर या शिकारी कुत्र्याचं वर्णन करणारा, केनेल क्लबांनी मान्य केलेला तो मसुदा आहे. इंग्रजीत त्याला ब्रीड स्टँडर्ड म्हणतात, आपण ‘मानक’ म्हणू. त्यात डोकं कसं असावं, शेपटी कशी असावी, आणि रंग कोणता असावा, हे सांगितलेलं असतं. मला आज त्यातल्या रंगाच्या कलमाची समीक्षा करायची आहे.

आधी हा विषय माझ्या घरात कसा शिरला ते सांगतो.

१९९६ साली माझ्या मुलीच्या हट्टापायी आम्ही एक लॅब्राडॉरचं पिल्लू घेतलं. रंग पिवळा, पण नाक काळं नाही, तपकिरी. डोळ्यांच्या कडाही तपकिरी. आई काळी, बापही काळा. विकणारा गृहस्थ प्रामाणिक होता. तो म्हणाला, “नाकात खोट आहे, म्हणून कमी पैशात देतोय.” घरी आणल्यावर शेजारचे एक जाणकार आले, त्यांनी पिल्लाचं तोंड वर करून पाहिलं आणि म्हणाले, “प्रोफेसर, फसलात. काळ्या आईबापांना पिवळं पिल्लू, आणि त्यात हे असलं नाक! बाहेरचं काहीतरी आलंय यात.” आम्ही त्याचं नाव बंडू ठेवलं. बंडू तेरा वर्षं जगला, आणि त्या तेरा वर्षांत ‘शुद्ध आहे का हो?’ हा प्रश्न मी किती वेळा ऐकला याची गणती नाही.

परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर एक फोटो पाठवला. राखाडी, चांदीसारखी झाक असलेलं पिल्लू. किंमत साध्या लॅब्राडॉरच्या दुपटीहून जास्त. खाली लिहिलं होतं, ‘दुर्मीळ सिल्व्हर, डीएनए टेस्टेड, शंभर टक्के प्युअर.’ आणि विद्यार्थ्याचा प्रश्न तोच, “सर, हे शुद्ध आहे का?”

बंडू स्वस्तात मिळाला कारण त्याचा रंग वेगळा, आणि हे पिल्लू महाग कारण त्याचाही रंग वेगळा. एकाच तर्कातून दोन उलट किमती निघत असतील, तर तर्कातच कुठेतरी घोटाळा आहे, असं आमच्या धंद्यात समजतात. तो घोटाळा आज शोधू या.

आधी कुत्र्याची ओळख. लॅब्राडॉर हे नावच मुळात थोडं चुकलेलं आहे. या कुत्र्याचे पूर्वज आले न्यूफाउंडलंड बेटावरून. लॅब्राडॉर हा शेजारचा, मुख्य भूमीवरचा प्रदेश. न्यूफाउंडलंडचे मच्छीमार जी पाणकुत्री बाळगत, त्यांना सेंट जॉन्सची कुत्री म्हणत. ती काळी असत, आणि छातीवर, पायांवर बहुधा पांढरे ठिपके असत. मासळीच्या जहाजांबरोबर ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल बंदरात उतरली. तिथल्या माम्सबरीच्या अर्लने ती पाळली. पुढे १८८० च्या दशकात त्याच्याकडची काही कुत्री स्कॉटलंडमधल्या बक्लूच्या ड्यूककडे गेली. आजच्या लॅब्राडॉरची वंशावळ मागे नेली की ती बऱ्याच अंशी या दोन घराण्यांपाशी पोचते. काम काय? बंदुकीने पाडलेलं बदक किंवा तितर पाण्यातून, झुडपातून शोधायचं आणि दात न लावता मालकाच्या हातात आणून द्यायचं. अंगावर दुहेरी केस, पाणमांजरासारखी जाड शेपटी आणि तोंडाची पकड मऊ. हे सगळं त्या कामासाठी. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०३ साली या जातीला मान्यता दिली.

आता रंग. मानक तीन रंग सांगतं: काळा, पिवळा आणि चॉकलेटी. पूर्वी चॉकलेटीला ‘लिव्हर’ म्हणत, म्हणजे काळजाच्या रंगाचा. छातीवर लहानसा पांढरा ठिपका चालतो. तो ठिपका म्हणजे सेंट जॉन्सच्या कुत्र्यांची आठवण. अमेरिकन मानक पुढे जाऊन सांगतं की या तीनखेरीज दुसरा कोणताही रंग असेल तर कुत्रा स्पर्धेतून बाद.

वाचताना असं वाटतं की निसर्गात लॅब्राडॉरचे तीन कप्पे आहेत आणि मानकाने त्यांची फक्त नोंद केली. तसं आहे का, हे बघायला थोडं शरीरात शिरावं लागेल. कंटाळू नका, चारच जनुकं आहेत.

कुत्र्याच्या केसात दोन प्रकारची रंगद्रव्यं असतात. एक गडद, युमेलॅनिन. दुसरं पिवळसर-तांबूस, फिओमेलॅनिन. पहिलं जनुक ठरवतं की गडद द्रव्य काळं होणार की तपकिरी. काळा प्रभावी, तपकिरी अप्रभावी. म्हणजे आई आणि बाप, दोघांकडूनही तपकिरीची प्रत आली तरच कुत्रा चॉकलेटी होतो. तेव्हा त्याचे केसच नव्हे, नाक आणि डोळ्यांच्या कडाही तपकिरी होतात, कारण तिथेही तेच गडद द्रव्य असतं.

दुसरं जनुक म्हणजे रंगपेशीच्या पृष्ठभागावरची कळ समजा. कळ चालू असेल तर केसात गडद द्रव्य बनतं. कळ बिघडलेली असेल, आणि दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर केसात फक्त पिवळं द्रव्य उतरतं. हा बिघाड नेमका कुठे आहे ते २००० सालच्या सुमारास सापडलं. त्या प्रथिनाची साखळी शेवटच्या टोकाजवळ मध्येच तुटते. पण ही कळ केसांपुरती आहे. नाकाच्या कातडीत गडद द्रव्य बनतच राहतं. म्हणून पिवळ्या लॅब्राडॉरचं नाक काळं असतं.

आता बंडूकडे या. त्याची कळ बिघडलेली, म्हणून केस पिवळे. आणि गडद द्रव्य तपकिरी जातीचं, म्हणून नाक तपकिरी. दोन्ही गोष्टी अप्रभावी. त्याची आई काळी दिसत होती, पण तिच्याकडे तपकिरीची एक प्रत आणि बिघडलेल्या कळीची एक प्रत लपलेली होती. बापाकडेही तसंच. अशा दोन काळ्या कुत्र्यांची सोळा पिल्लं धरली, तर हिशेबाने नऊ काळी, तीन चॉकलेटी, चार पिवळी. त्या चार पिवळ्यांत तिघांचं नाक काळं, एकाचं तपकिरी. नऊ, तीन, चार हे प्रमाण आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकात असतं आणि उदाहरण बहुधा लॅब्राडॉरचंच देतात. थोडक्यात, बंडू सोळातला एक होता. बाहेरचं त्याच्यात काहीही नव्हतं. आमच्या जाणकार शेजाऱ्यांना बाहेरचा पाहुणा लागला, कारण घरातल्याच दोघांकडे काय दडलंय हे त्यांना दिसत नव्हतं.

तिसरं जनुक गडद रंग अंगभर एकसारखा पसरवतं. लॅब्राडॉरमध्ये ते जवळपास सर्वत्र असतं, म्हणून त्याच्या अंगावर सहसा पट्टे किंवा तांबूस खुणा दिसत नाहीत. या जनुकाची ओळख २००७ साली पटली, आणि २००९ साली एक मौजेची गोष्ट पुढे आली. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांचा काळा रंग याच जनुकाचा आहे, आणि तो त्यांच्याकडे कुत्र्यांकडून आला आहे. आपण समजतो, लांडगा अस्सल आणि कुत्रा त्याची भेसळ. इथे अस्सलानेच भेसळीकडून रंग उसना घेतला. (हशा)

चौथं जनुक रंगद्रव्याचे कण केसात नीट पसरवण्याचं काम करतं. त्याच्या दोन्ही प्रती अप्रभावी असल्या की कण एकसारखे पसरत नाहीत, त्यांच्या गुठळ्या होतात आणि रंग फिका दिसतो. काळा कुत्रा कोळशासारखा दिसतो, चॉकलेटी कुत्रा चांदीसारखा. माझ्या विद्यार्थ्याच्या फोटोतलं पिल्लू म्हणजे मुळात चॉकलेटी कुत्रा, फिकट झालेला.

आता समीक्षा सुरू करू.

माझा पहिला आक्षेप असा. मानकाचे कप्पे एका निकषाने पाडलेले नाहीत. ‘पिवळा’ या एका शब्दाखाली मानक जवळजवळ पांढऱ्या सायीच्या रंगापासून कोल्ह्यासारख्या लालसर रंगापर्यंत सगळं सामावून घेतं. हा फरकही जनुकांमुळेच होतो, आणि डोळ्यांना तो चॉकलेटी-चांदी यांच्यातल्या फरकाहून कमी नाही. तिथे मानक म्हणतं, छटा आहेत, चालायच्याच. इथे म्हणतं, हा वेगळा रंग, बाद. छटा कधी म्हणायचं आणि वेगळा रंग कधी, याचं उत्तर मजकुरात नाही. ते मजकूर लिहिणाऱ्यांच्या सवयीत आहे. सवयीने वर्गीकरण करायला माझी हरकत नाही. सवयीला निसर्ग म्हटलं की हरकत आहे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. ज्या तीन रंगांना आज मान आहे, त्यातले दोन एके काळी अनाहूत होते. बक्लूच्या ड्यूककडे १८९२ साली काळजाच्या रंगाची पिल्लं झाल्याची नोंद आहे. १८९९ साली मेजर रॅडक्लिफ यांच्याकडे काळ्या आईबापांना पिवळं पिल्लू झालं. त्याचं नाव बेन ऑफ हाइड, आणि नोंदलेला पहिला पिवळा लॅब्राडॉर म्हणून तो ओळखला जातो. तारखा लक्षात घ्या. १८९९. मेंडेलचा मटारांवरचा निबंध १८६६ पासून कपाटात पडून होता आणि तो पुन्हा उजेडात आला १९०० साली. म्हणजे बेन जन्मला तेव्हा, काळ्या जोडीला पिवळं पिल्लू का झालं, हे कोणालाही नीट सांगता आलं नसतं. चॉकलेटीला तर आणखी वाट पाहावी लागली. त्या रंगाचा पहिला ब्रिटिश चॅम्पियन, कुकरिज टँगो, १९६४ सालचा.

इथे एक सावधगिरी. सिल्व्हर विकणारे याच इतिहासाचा आधार घेतात. “पिवळ्यालाही पूर्वी नाकारलंच होतं ना? मग आता आमचं सिल्व्हर मान्य करा.” हा युक्तिवाद लंगडा आहे. पूर्वी नाकारलेल्या काही गोष्टी योग्य ठरल्या, यावरून आज नाकारलेली प्रत्येक गोष्ट योग्य, असं निघत नाही. शिवाय पिवळा आणि चॉकलेटी रंग जातीच्या आरंभीच्या घराण्यांतच दिसले होते. सिल्व्हर पुढे आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत. म्हणून तिथल्या लॅब्राडॉर क्लबचं म्हणणं असं की हे फिकेपणाचं जनुक आमच्या जातीत नव्हतंच, कोणीतरी वाइमरानरशी संकर केला असणार. वाइमरानर हा जर्मन शिकारी कुत्रा. तो सगळाच राखाडी, कारण त्याच्यात तपकिरी आणि फिका हे दोन्ही गुण पक्के झालेले आहेत. संशय घेण्याजोगी गोष्ट आहे खरी.

दुसरी बाजू म्हणते, न्यूफाउंडलंड ही सेंट जॉन्सच्या कुत्र्यांच्या नात्यातली जात. तिच्यात राखाडी रंग आहे आणि तो मान्यही आहे. मग हे जनुक पहिल्यापासून लपलेलं असू शकेल. हेही अशक्य नाही. अप्रभावी गुण किती पिढ्या लपून राहू शकतो, हे बंडूने आपल्याला शिकवलंच आहे.

मग डीएनए टेस्टने निकाल लागेल, असं तुम्हाला वाटेल. इथेच जाहिरातीतला ‘डीएनए टेस्टेड’ हा शब्द नीट वाचला पाहिजे. रंगाची चाचणी एवढंच सांगते की त्या कुत्र्याकडे फिकेपणाच्या किती प्रती आहेत. त्या आल्या कुठून, हे ती सांगत नाही. फिकेपणाचं जे सर्वांत प्रचलित उत्परिवर्तन आहे, ते कितीतरी जातींत अगदी एकच आहे. ते जुनं आहे, बहुधा आजच्या जाती वेगळ्या होण्याच्या आधीचं. तेव्हा ‘डीएनए टेस्टेड’ खरं असेल, पण त्यावरून ‘शंभर टक्के प्युअर’ निघत नाही. दोन वाक्यं शेजारी छापली म्हणून एकातून दुसरं निघतं असं नव्हे. ही तर्कातली उडी आहे, आणि त्या उडीचे पैसे ग्राहक भरतो.

मग ‘प्युअर’ म्हणजे काय? व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की आईबाप नोंदवहीत आहेत. त्यांचे आईबापही नोंदवहीत आहेत. अमेरिकन केनेल क्लबकडे सिल्व्हर कुत्री नोंदली गेली आहेत, आणि ती चॉकलेटी म्हणून! म्हणजे कागदावर शुद्ध, मानकानुसार बाद. एकाच घराचे दोन दरवाजे, एक आत घेतो, दुसरा बाहेर काढतो. आणि नोंदवहीच्या पहिल्या पानापाशी गेलात तर तिथे जी कुत्री आहेत, त्यांच्या मागे नोंद नाही. त्या काळात रिट्रीव्हरच्या वेगवेगळ्या प्रकारांत आपसात सर्रास संकर होत असे. शुद्धता सुरू होते ती वही उघडल्याच्या दिवशी.

आता माझ्या विषयाकडे येतो. न्यायदर्शनात एक प्रश्न चर्चिला जातो. कोणत्या गुणधर्माला खरी ‘जाति’ म्हणायचं, आणि कोणत्या गुणधर्माला नुसती ‘उपाधि’? गोत्व, म्हणजे गाय असणं, ही जाति. पाचकत्व, म्हणजे स्वयंपाकी असणं, ही उपाधि. स्वयंपाकी खराखुरा असतो, पण ते त्याच्या कामावरून ठरतं. उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास सहा अडथळे सांगितले. त्यातला एक जरी लागू झाला, तरी तो गुणधर्म जाति नव्हे. त्यातल्या एका अडथळ्याचं नाव आहे ‘संकर’.

या संकराचा अर्थ मिसळलेलं रक्त नाही, हे आधी सांगतो. दोन गुणधर्म घ्या. पहिला दुसऱ्यावाचून सापडतो. दुसरा पहिल्यावाचून सापडतो. आणि दोन्ही एकाच ठिकाणीही सापडतात. असं झालं तर ते दोन्ही जाति असू शकत नाहीत. पारंपरिक उदाहरण भूतत्व आणि मूर्तत्व यांचं आहे. आकाश हे भूत आहे पण मूर्त नाही. मन मूर्त आहे पण भूत नाही. पृथ्वी दोन्ही आहे.

आता हीच कसोटी लॅब्राडॉरला लावा. एक गुणधर्म पिवळे केस, दुसरा तपकिरी नाक. काळ्या नाकाच्या पिवळ्या कुत्र्यात पहिला आहे, दुसरा नाही. चॉकलेटी कुत्र्यात दुसरा आहे, पहिला नाही. आणि बंडूत दोन्ही आहेत. संकर झाला! म्हणजे ‘पिवळा लॅब्राडॉर’ आणि ‘चॉकलेटी लॅब्राडॉर’ या जातीच्या आत असलेल्या दोन जाति नव्हेत. त्या उपाधी आहेत. मानकाने बंडूला खोट ठरवलं, कारण मानकाच्या मते पिवळ्याचं नाक काळं हवं. माझ्या मते, बंडूने मानकातली खोट दाखवली. चार प्रकार संभवत असताना तीनच कप्पे केले आणि चौथ्याला दोष म्हटलं.

हा शब्दांचा खेळ वाटेल, पण त्याचा भुर्दंड कुत्र्यांना बसतो. २०१८ साली ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३३ हजारांहून अधिक लॅब्राडॉरच्या नोंदी होत्या आणि त्यातून नमुना घेऊन आजार तपासले. कानाच्या दाहाचं प्रमाण काळ्या कुत्र्यांत १२.८ टक्के, पिवळ्यांत १७ टक्के आणि चॉकलेटींत २३.४ टक्के निघालं. मृत्यूच्या वेळचं मध्यक वय चॉकलेटींचं १०.७ वर्षं, इतरांचं १२.१ वर्षं. यावरून तपकिरी रंगद्रव्यच आयुष्य खातं, असं म्हणायची घाई करू नका. अभ्यासकांनी सुचवलेली शक्यता वेगळी आहे. रंग अप्रभावी, म्हणून तो हमखास मिळवायचा तर दोन्ही बाजूंनी तो बाळगणारीच कुत्री निवडावी लागतात. निवडीचं वर्तुळ लहान होतं आणि रंगाबरोबर नको ते गुणही गोळा होतात. म्हणजे रोगाचं मूळ आपल्या आवडीत असू शकेल. सिल्व्हरमध्ये तर दोन अप्रभावी गुण एकत्र आणायचे आहेत, वर्तुळ आणखी लहान. शिवाय फिकेपणाच्या जनुकाबरोबर काही कुत्र्यांचे केस गळतात, कातडी खराब होते. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याला आयुष्यभर पुरतं.

शेवटचा मुद्दा, आणि तो मला टाळता येणार नाही. मी मराठीत बोलतोय, आणि मराठीत ‘जात’ हा शब्द कुत्र्यालाही लागतो आणि माणसालाही. ‘वर्ण’ रंगालाही आणि समाजातल्या पायरीलाही. ‘संकर’, ‘अस्सल’, ‘शुद्ध’, ‘बाहेरचं’, हे सगळे शब्द दोन्हीकडे वावरतात. मी माणसांची कुत्र्यांशी तुलना करत नाही. पण ही तुलना करणारे होऊन गेले आहेत. कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर १९५७ साली गाजलेलं पुस्तक लिहिणारे अमेरिकन शास्त्रज्ञ सी. सी. लिटल हे माणसांच्या सुप्रजननाच्या चळवळीतही पुढे होते. आणि आपल्याकडे जातिव्यवस्थेच्या समर्थकांनी तिला रक्तशुद्धीचं शास्त्र म्हणून सजवायला कमी केलं नाही. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये हा दावा तपासला, तेव्हा त्यांनी आधार कोणाचा घेतला? विल्यम बेटसनचा. मेंडेलचं काम इंग्रजी जगात रुजवणारा हाच तो बेटसन. माणसाचे बौद्धिक गुण असे एका सरळ नियमाने पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाहीत, हे सांगायला बाबासाहेबांनी मेंडेलच्याच अनुयायाला साक्षीला बोलावलं. ज्या शास्त्राचं नाव घेऊन ‘शुद्ध’ हा शब्द विकला जातो, ते शास्त्र नीट वाचलं की त्या शब्दाचा आधार ढासळतो. कुत्र्याच्या रंगाबाबतही हेच घडतं, म्हणून मला हा विषय क्षुल्लक वाटत नाही. मुलं ‘शुद्ध’ हा शब्द पहिल्यांदा कुठे ऐकतात? बऱ्याचदा पिल्लू घरी येतं तेव्हाच.

आता मघाचा तो घोटाळा. क्लब म्हणतो, सिल्व्हर आहे म्हणून लॅब्राडॉर नाही. विक्रेता म्हणतो, सिल्व्हर आहे म्हणून खास लॅब्राडॉर. दोघं भांडतात, पण दोघांचं गृहीतक एकच. रंग हा कुत्र्याच्या असण्याचा गाभा आहे, असं दोघंही धरून चालतात. लॅब्राडॉर घडला तो पाण्यातून बदक आणण्यासाठी. त्या कामाला त्याचे दुहेरी केस लागतात, केसांचा रंग लागत नाही.

माझं बोलणं इथे थांबवतो. दोन प्रश्न लिहून आले आहेत.

पहिला प्रश्न: “मग सर, मानकच रद्द करावं का?”

नाही हो. पाचकत्व उपाधि आहे म्हणून स्वयंपाकी खोटा ठरत नाही. आकार, केस, शेपटी, स्वभाव यांचं वर्णन असलं पाहिजे, नाहीतर शंभर वर्षांत तो कुत्राच राहणार नाही. माझं म्हणणं रंगाच्या कलमापुरतं आहे. ते कलम ‘आम्हाला हे रंग हवेत’ अशा भाषेत लिहा. आवड म्हणून सांगा, मी आदर करीन. शुद्धतेचं नाव तिला देऊ नका.

दुसरा प्रश्न माझ्या त्या विद्यार्थ्याचाच आहे: “सर, पिल्लू घेऊ की नको?”

अरे, तू अजून चुकीचाच प्रश्न विचारतोयस. आईबापांच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे काढलेत का, ते विचार. डोळ्यांची तपासणी झाली आहे का, धावताना अचानक कोसळण्याच्या आजाराची जनुक-चाचणी केली आहे का, ते विचार. शक्य झालं तर आईला प्रत्यक्ष बघून ये, ती कशी राहते, माणसांजवळ येते का. या सगळ्याची उत्तरं नीट मिळाली तर रंग कोणताही घे. आणि उत्तरं द्यायच्या ऐवजी समोरचा ‘दुर्मीळ’ हाच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लागला, तर उठून ये.

आमच्या बंडूच्या नाकावर उन्हाळ्यात तपकिरीचाही फिका गुलाबी व्हायचा. शेजारचे ते जाणकार नंतर रोज संध्याकाळी त्याला फिरायला न्यायचे. खोटीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.